झाडांची आगोट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला काहीतरी बोलावे असा निरोप चिटणीसबाईंनी पाठवला, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा मला प्रश्न पडला. तो आपल्यातल्याच एका भगिनीने सोडवला. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. त्याने पाठवलेली छायाचित्रे त्या हळदीकुंकवाच्या दिवशी सर्वांना दाखवीत होत्या. सगळीकडे बर्फ, आणि त्यात काड्यांसारखी उभी झाडे. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलेत, तर मला एवढेच सांगा, ही झाडे मरत कशी नाहीत? माणसाला घरात शेगडी लागते, गाईगुरांना गोठा लागतो. झाड बिचारे जागचे हलूही शकत नाही."

प्रश्न मोठा चांगला आहे, आणि त्याचे उत्तर आपणा बायकांना लवकर कळेल असे आहे. कोकणातल्या भगिनींना 'आगोट' हा शब्द ठाऊक आहेच. मृगाचा पाऊस लागण्याआधी घरात करून ठेवायची बेगमी ती आगोट. लाकूडफाटा आत घ्यायचा, मीठमिरची भरायची, सांडगे-पापड वाळवून डब्यात घालायचे. पाऊस सुरू झाल्यावर आगोट करता येत नाही, ती उन्हातच उरकावी लागते. थंड देशांतली झाडेही हिवाळ्याची अशीच आगोट करतात आणि तीही भर उन्हाळ्यात सुरू करतात. झाड थंडीत टिकते ते वेळेवर थांबते म्हणून, आणि थांबल्यावर पायरीपायरीने काटक होते म्हणून. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, बाकीचा सारा विस्तार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. पानगळ आपल्याकडेही होते. सह्याद्रीत पळस, पांगारा, सावर ह्यांची पाने गळतात, पण ती थंडीच्या भयाने नव्हेत. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर जमिनीतील ओल आटू लागते, आणि पानांतून उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी झाड पाने टाकते. मिनेसोटात, कॅनडात, स्वीडनमध्ये किंवा जपानच्या होक्काइडो बेटावर शत्रू निराळा आहे. तिकडे पारा शून्याखाली वीस-तीस अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, जमीन गोठते आणि हे काही महिने चालते.

आता थंडी झाडाला मारते ती कशी, ते पाहू. झाडाचा जिवंत भाग पेशींचा बनलेला असतो आणि पेशीत मुख्यतः पाणी असते. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, आणि त्याचे स्फटिक अणकुचीदार असतात. असा स्फटिक पेशीच्या आत तयार झाला तर पेशीचा नाजूक पडदा फाटतो आणि पेशी संपते. हिरवी कोथिंबीर चुकून बर्फाच्या कप्प्यात राहिली, तर बाहेर काढल्यावर तिचे कसे लिबलिबीत काळपट पोतेरे होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पेशी फुटल्याचे ते लक्षण. तेव्हा झाडापुढचे काम असे की, बर्फ होणारच असेल तर तो पेशीच्या आत होऊ द्यायचा नाही.

पण हे काम वाढत्या, कोवळ्या अंगाने करता येत नाही. कोवळा कोंब पाण्याने टंच भरलेला असतो, त्याच्या पेशींच्या भिंती पातळ असतात आणि जवळची सारी साखर तो नवी पाने करण्यात खर्चून टाकतो. मिनेसोटात ओढ्याकाठी लाल फांद्यांचे एक झुडूप उगवते. त्याला डॉगवुड म्हणतात. भर उन्हाळ्यात त्याची डहाळी शून्याखाली चार-पाच अंशांतच मरते. त्याच झुडपाची तीच डहाळी जानेवारीत प्रयोगशाळेत नेऊन हळूहळू थंड केली, तर शून्याखाली १९६ अंशांपर्यंत जिवंत राहते. झाड तेच आणि डहाळीही तीच, फरक फक्त मधल्या चार-पाच महिन्यांच्या तयारीचा. मिनेसोटा विद्यापीठात वायझर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या झुडपावर बरेच काम केले, आणि १९७० साली त्याने लिहिलेला लेख ह्या विषयात आजही आवर्जून वाचला जातो.

तयारीतले पहिले काम म्हणजे वाढ थांबवणे. मी लेकीच्या बाळंतपणासाठी मिनेसोटात सेंट पॉल येथे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत राहिले. ऑगस्टमध्ये तिकडे चांगलेच उकडते. मी मात्र रोज संध्याकाळी बाळाला बाबागाडीत घालून फिरताना रस्त्याकडेच्या झाडांचे शेंडे न्याहाळीत असे. कित्येक झाडांना नवे पान येणे बंद झाले होते. शेंड्याला बारीक, घट्ट, तपकिरी खवल्यांनी झाकलेला डोळा धरला होता. पुढच्या वसंतातली इवली पाने त्या डोळ्यात आधीच घडी घालून ठेवलेली असतात. बाहेर ऊन आहे, पाणी आहे, मातीत कस आहे, तरी झाड वाढायचे थांबले आहे. त्याला हिवाळ्याची वर्दी दिली कोणी?

ही वर्दी बहुतेक झाडांना दिवसाच्या लांबीवरून मिळते. आपल्या पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा, म्हणजे फरक फार नाही. सेंट पॉलला तोच फरक साडेपंधरा तासांपासून पावणेनऊ तासांपर्यंत जातो. ऊबेवर भरवसा ठेवता येत नाही. एखाद्या वर्षी ती ऑक्टोबरअखेर रेंगाळते, एखाद्या वर्षी सप्टेंबरातच निघून जाते. दिवस मात्र दर वर्षी ठरल्या तारखेला ठरल्याइतकाच लहान होतो. पंचांगासारखे ते पक्के असते. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील गार्नर आणि ॲलर्ड ह्या दोघांनी दिवसाच्या लांबीचा हा प्रभाव १९२० साली तंबाखू आणि सोयाबीन ह्यांच्या फुलण्यावर दाखवून दिला, आणि झाडांच्या वाढीवरही तो चालतो हे पुढे सिद्ध झाले.

झाड दिवस मोजते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता ते रात्र मोजते. पानांत फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते. ते १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे शोधून काढण्यात आले. तांबडा प्रकाश पडला की त्याचे एक रूप होते, अंधारात ते रूप हळूहळू पालटते. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर मोजणी बिघडते, आणि अनेक जातींची झाडे रात्र लहानच आहे असे समजून वाढत राहतात. ही मोजणी पाने करतात. म्हणून उन्हाळा संपता संपता फांदीची पाने ओरबाडून टाकली, तर ती फांदी नीट काटक होत नाही.

पानाला कळलेली गोष्ट शेंड्याला कशी कळते, ह्याचा उलगडा स्वीडनमधील उमिओ येथे झाला. तिकडे ॲस्पेन नावाचे पॉप्लरच्या कुळातले झाड आहे. त्याचे पान आपल्या पिंपळाच्या पानासारखे जराशा वाऱ्यानेही सळसळते. दिवस मोठे असताना त्याच्या पानातून 'वाढत राहा' असा एक निरोप शेंड्याकडे जात असतो. दिवस लहान झाले की तो निरोप थांबतो आणि वाढही थांबते. लहान झुडपांत फुले यावीत म्हणून पानातून शेंड्याकडे जाणारा निरोप आणि हा निरोप एकाच जातीचा आहे, असे २००६ साली तेथील संशोधकांनी दाखवले. निरोप थांबल्यावर झाड आणखी एक गोष्ट करते. शेंड्यातील पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ज्या सूक्ष्म वाटा असतात, त्यांत कॅलोज नावाच्या पदार्थाचे बोळे बसवून ते त्या बंद करून टाकते. मग मध्येच चार दिवस ऊब आली आणि कुठून वाढीचा निरोप निघाला, तरी तो आत पोचत नाही. २०१८ साली हेही उमिओ येथेच सिद्ध झाले. पाहुणे दारावरून परत जावेत म्हणून घरातल्यांनी आतून कडी घालावी, तसाच हा प्रकार.

ह्यात मौजेची गोष्ट अशी की, किती लहान दिवस झाला म्हणजे थांबायचे हे प्रत्येक गावच्या झाडाचे वेगळे असते. उमिओकडे जूनमध्ये दिवस वीस तासांहून मोठा असतो आणि हिवाळा लवकर येतो. म्हणून तिकडचा ॲस्पेन दिवस अजून बराच मोठा असतानाच थांबतो. दक्षिण स्वीडनमधला ॲस्पेन दिवस आणखी लहान होईपर्यंत वाढत राहतो. दक्षिणेचे रोप उत्तरेत नेऊन लावले तर ते थांबायला उशीर करते आणि पहिल्या कडाक्यात त्याचे शेंडे जळतात. उत्तरेचे रोप दक्षिणेत आणले तर ते भर उन्हाळ्यातच थांबते आणि खुरटे राहते. म्हणून तिकडचे वनखाते बी कोणत्या अक्षांशावरून आणले ह्याची चौकशी केल्यावाचून जंगल लावीत नाही.

आता दुसरे काम, काटक होण्याचे. इथे मी आपणांला स्वयंपाकघरातच नेते.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते आणि फोडी आक्रसतात. हिवाळ्यात झाडात असेच काहीसे घडते. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत जे पाणी असते ते पातळ असते, म्हणून आधी त्याचा बर्फ होतो. हा बाहेरचा बर्फ पेशीच्या आतले पाणी हळूहळू ओढून घेतो. पेशी आक्रसते, आतला रस घट्ट होतो आणि घट्ट रस सहजी गोठत नाही. साध्या पाण्याचा बर्फ होतो त्या कप्प्यात मुरांब्याचा पाक ठेवला तर तो दगडासारखा होत नाही, तसेच हे. झाडही शरद ऋतूत साठवलेल्या पिष्टाची साखर करते. ती रस घट्ट ठेवते आणि आक्रसलेल्या पेशीच्या आतील नाजूक रचना सांभाळते.

पेशीच्या पडद्याचीही तयारी लागते. पडद्यात स्निग्ध पदार्थ असतात. थंडीत आपले तूप आणि खोबरेल थिजते, करडईचे तेल थिजत नाही. झाड आपल्या पडद्यांतील स्निग्धांश बदलून तो 'करडईच्या' जातीकडे झुकवते, म्हणजे गारठ्यातही पडदा लवचीक राहतो आणि आक्रसताना चिरत नाही. शिवाय पाणी निघून गेल्यावर आतली घडी विस्कटू नये म्हणून झाड काही खास प्रथिनेही बनवते.

हे एकदम होत नाही. दिवस लहान झाल्यावर पहिली पायरी, तीत झाड थोड्या थंडीला तोंड देण्याजोगे होते. मग गार रात्री आणि हलकी दहिवरे पडू लागली की दुसरी पायरी, तीत काटकपणा झपाट्याने वाढतो. अखेर कडक थंडीतच तिसरी पायरी पुरी होते. पहिली पायरी चुकली तर दुसरी धड होत नाही. पापड आधी उन्हात नीट वाळला नसेल, तर डब्यात कितीही जपून ठेवला तरी त्याला बुरशी येतेच, नाही का?

ह्या तयारीची मजल कुठवर जाते ते जपानमधील साप्पोरो येथे अकिरा साकाई ह्यांनी दाखवले. त्यांनी हिवाळ्यातल्या विलोच्या डहाळ्या आधी हळूहळू शून्याखाली सुमारे तीस अंशांपर्यंत नेल्या आणि मग उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्या. बाहेर काढून सावकाश ऊब दिल्यावर त्या डहाळ्या जिवंत निघाल्या. १९६० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आतले पाणी आधीच बाहेर गेल्यामुळे गोठण्याजोगे काही उरलेच नव्हते.

ओक, मेपल, सफरचंद ह्या झाडांच्या लाकडातील काही पेशी मात्र वेगळी युक्ती करतात. त्या आपले पाणी बाहेर सोडत नाहीत. बर्फाचे बीज आत येऊ दिले नाही तर पाणी शून्याखालीही द्रवच राहू शकते, त्याचा त्या फायदा घेतात. पण ही युक्ती साधारणपणे उणे चाळीस अंशांपर्यंतच चालते. त्याखाली पाणी आपोआप गोठते. म्हणूनच पुष्कळ ओक-मेपल एका मर्यादेपलीकडे उत्तरेत जात नाहीत, आणि बर्च, विलो, ॲस्पेन थेट अलास्कापर्यंत पोचतात.

पाने गळणे हे ह्या आगोटीतले आवराआवरीचे काम. गळण्याआधी झाड पानातील नत्र परत घेते, साधारण निम्मे किंवा त्याहूनही अधिक, आणि सालीत व खोडात साठवते. पानातील हिरवा रंग मोडला की पिवळा उघडा पडतो. देठाच्या मुळाशी एक थर तयार होतो, तिथून पान सुटते आणि जखमेवर बुचासारखे झाकण बसते. तिकडची प्रसिद्ध रंगीत पानगळ ती हीच. आपण जिला शोभा म्हणतो, ती झाडाची भांडी घासून फडताळात लावण्याची वेळ असते.

इतके सारे शिस्तीने चालते, तर मग झाडे थंडीने मरतात का? मरतात, आणि बहुधा ती जानेवारीच्या कडाक्यात मरत नाहीत. मरतात ती नोव्हेंबरात किंवा एप्रिलमध्ये. सफरचंदाचे उदाहरण घेते.

मिनेसोटात १८५०-६० च्या सुमारास सफरचंद जगत नसे. पूर्वेकडून आणलेली रोपे एकामागून एक मरत. मिनेटोंका सरोवराकाठी पीटर गिडियन नावाचा शेतकरी वर्षानुवर्षे रोपे लावीत होता आणि हिवाळा ती नेत होता. शेवटी जवळ थोडे डॉलर उरले असता त्याने अंगावर घ्यायला कोट न घेता त्या पैशांत मेन राज्यातून बी मागवले, आणि जुने कपडे जोडून शिवून हिवाळा काढला, असे सांगतात. त्या बियांतून जे एक टिकाऊ, चांगल्या फळाचे झाड निघाले त्याला त्याने १८६८ साली आपल्या पत्नीचे नाव दिले, 'वेल्दी'. कोटाविना हिवाळा काढणाऱ्या नवऱ्याचा संसार तिने कसा चालवला असेल हे आपण जाणू शकतो, तेव्हा नाव योग्य जागी गेले असे मला वाटते.

परंतु सफरचंदाचा एक स्वभाव आहे. बहुतेक झाडे दिवस पाहून थांबतात, सफरचंद आणि नासपती मात्र मुख्यतः गारवा पाहून थांबतात. हे नॉर्वेतील हाइडे आणि प्रेस्ट्रुड ह्यांनी २००५ साली प्रयोगाने दाखवले. म्हणजे शरद ऋतू ऊबदार गेला तर हे झाड वेळेवर थांबत नाही. १९४० साली अमेरिकेच्या मध्य भागात नेमके हेच घडले. नोव्हेंबरच्या पूर्वार्धापर्यंत हवा सौम्य होती. ११ नोव्हेंबरला काही तासांतच पारा कोसळला आणि हिमवादळ आले. आयोवा राज्य तोवर सफरचंदाच्या उत्पादनात फार वरच्या क्रमांकावर होते. त्याच्या बागाच्या बागा त्या एका तडाख्यात गेल्या. ती झाडे भर हिवाळ्यात त्याहून अधिक थंडी सोसत आली होती, पण त्या दिवशी त्यांची आगोट झालेली नव्हती. पुष्कळ बागाइतदारांनी पुन्हा झाडे लावलीच नाहीत. त्या जमिनीत मका आणि सोयाबीन आले.

असाच एक लहान प्रकार मी घरात पाहिला. माझ्या जावईबापूंनी अंगणात सफरचंदाचे कलम लावले होते. हौस दांडगी, म्हणून सप्टेंबरात त्याला भरपूर खत आणि रोज पाणी. कलम ऑक्टोबरात हिरवेगार, हातभर नवे फुटवे! शेजारच्या वृद्ध बाई कुंपणावरून म्हणाल्या, "जुलैनंतर खत देऊ नये, त्याला आता झोपू द्या." जावईबापू हसले. पुढे मे महिन्यात लेकीने कळवले की वरचा दोन हात भाग काळा पडून मेला, पण जेवढा भाग बर्फाखाली गाडला गेला होता तेवढा जिवंत निघाला आणि खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटला. बर्फ हे तिकडे पांघरूणही असते, ही त्यातली दुसरी शिकवण. झाडाची मुळे फांद्यांइतकी काटक कधीच होत नाहीत. ती तगतात ती माती आणि वरचे बर्फ ह्यांच्या उबेत. म्हणून कुंडीतले झाड तिकडे उघड्यावर ठेवले तर लवकर दगावते. आपली मुलेबाळे थंड देशांत असतील आणि हौसेने बाग करीत असतील, तर त्यांना एवढे अवश्य लिहा: उन्हाळा उतरू लागला की खत थांबवा, छाटणी थांबवा, आणि मुळांवर पालापाचोळ्याचा थर घाला.

आता ह्यात आजची काळजी काय, तेही सांगितले पाहिजे. दिवसाची लांबी आणि थंडीचे आगमन ह्यांची सांगड हजारो वर्षांत बसलेली आहे. आता पृथ्वीचे तापमान वाढते आहे. दिवस पूर्वीच्याच तारखेला लहान होतात, पण थंडी उशिरा येते आणि ऊब अवेळी येते. हिवाळ्यात कमावलेला काटकपणा चार ऊबदार दिवसांत उतरू लागतो, आणि डोळे फुटले की तो परत येत नाही. फ्रान्समध्ये २०२१ च्या मार्चअखेर असेच उकडले, द्राक्षवेली फुटल्या, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडक दहिवर पडले. बागाइतदारांनी रात्रभर वेलींच्या रांगांतून मेणबत्त्या आणि शेकोट्या पेटवल्या, तरी कितीतरी पीक हातचे गेले. गावोगावचे रस्त्यावरचे दिवेही मोजणी बिघडवतात. दिव्याजवळच्या झाडांची पाने, विशेषतः उजेडाकडच्या बाजूची, इतरांहून उशिरा गळतात, असे न्यूयॉर्कमध्ये पाहिलेले निरीक्षण मात्झ्के ह्यांनी १९३६ सालीच छापले होते.

हे सारे दूरदेशचे झाले, पण ह्याचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो. फ्रान्समधली द्राक्षवेल आणि निफाडची द्राक्षवेल एकाच कुळातली. तिकडे ती हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि झोपलेले डोळे शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत तग धरतात. आपल्याकडे तिला झोपायला हिवाळाच नाही. म्हणून एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी अशा दोन छाटण्या करून तिचे वर्ष माणूसच आखून देतो, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावतो. परिणामी डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरतो तेव्हा वेल पानाफळांनी भरलेली, पूर्ण जागी असते. शून्याच्या वर असलेली थंडीही तिला सोसत नाही, मण्यांना तडे जातात. पहाटे बागेत शेकोट्या पेटवणारा, पाणी सोडणारा शेतकरी आपण वर्तमानपत्रात पाहतो. फ्रान्सची वेल उणे पंधरात सुखाने झोपते आणि आपली चार-पाच अंशांत कुडकुडते, ती नाजूक आहे म्हणून नव्हे. तिला थांबायला वेळच दिलेला नाही. पुढच्या वेळी बाजारात द्राक्षे दोन रुपये महाग मिळाली, तर घासाघीस करण्यापूर्वी त्या पहाटेच्या शेकोट्या आठवाव्यात एवढी विनंती आहे.

भगिनींनो, निसर्गातून तात्पर्य काढण्याची आपल्याला सवय असते, आणि तसे तात्पर्य मी मुद्दामच काढीत नाही. झाड झाडासाठी जगते, आपल्याला बोध करण्यासाठी नव्हे. परंतु बर्फातल्या उघड्या झाडाचे छायाचित्र पाहून ज्यांना त्याची कीव येते, त्यांनी जरा जवळून पाहावे. शेंड्याशी खवल्यांत गुंडाळलेला डोळा दिसेल, त्यात पुढच्या वर्षाची पाने घडी घालून ठेवलेली असतील, सालीत साखर आणि नत्र भरलेले असेल. त्याचे घर भरलेले आहे. आपल्या आंब्याच्या शेंड्यालाही वर्षातून काही काळ नवी पालवी येत नाही. तेव्हा त्याला खत घालण्याची घाई करू नये, तो आपले काम करीत असतो.

माझे बोलणे जरा लांबले.  कोणाला काही विचारायचे असल्यास चहाच्या वेळी अवश्य विचारावे. सोबत आणलेली डॉगवुडची वाळलेली लाल डहाळीही पुढल्या टेबलावर ठेवली आहे, ती हातात घेऊन पाहावी आणि लहान मुलांनाही दाखवावी. मंडळाला पुढील वर्षासाठी शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेते.